गोंडांची भाषा

कार्तिक महिन्यात वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील धान पिवळे पडू लागले, की भंडारा जिल्ह्यातील आठवडी बाजारांना भरती येते. उत्तरेकडील सातपुड्याच्या उतारांवरून आणि जंगलकाठच्या पाड्यांतून माणसे पहाटेच निघतात. कोणाच्या डोक्यावर बांबूच्या सुपांची चळत असते, कोणाच्या कावडीत डिंक व हिरडे असतात. बाजाराच्या एका कडेला गोणपाट पसरून एखादी वृद्ध स्त्री आपली सुपे मोजू लागते : "उंडी, रंड, मुंड, नालुंग..." शेजारी तिचा शाळकरी नातू उभा असतो. आजीची मोजदाद चुकू नये म्हणून तोही मोजतो; परंतु तो म्हणतो, "एक, दोन, तीन, चार..." दोघांचीही बेरीज बरोबर येते. आजीचे शब्द नातवाला कळतात, पण ते त्याच्या ओठांवर येत नाहीत.

ही आजी बोलते ती भाषा गोंडी होय. आजी आणि नातू यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे, त्याची हकिकत मोठी आहे. ती समजून घ्यावयाची असेल, तर प्रथम गोंड लोक कोण हे पाहिले पाहिजे.

गोंड हे मध्य भारतातील फार जुने रहिवासी. ते स्वतःला 'कोया' किंवा 'कोइतूर' असे म्हणवितात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश व ओडिशा अशा अनेक राज्यांत त्यांची वस्ती पसरली आहे. या विस्तीर्ण प्रदेशाला पूर्वी 'गोंडवन' म्हणत. गढा-मंडला, देवगड, खेरला व चांदा येथे गोंड राजांची राज्ये होती. भंडारा जिल्ह्याचा बराच भाग देवगडच्या राज्यात मोडत असे. तुमसर तालुक्यातील अंबागडचा किल्ला देवगडचा राजा बख्तबुलंद शहा याच्या काळात, इसवी सन १७०० च्या सुमारास बांधला गेला. याच राजाने १७०२ मध्ये नागपूर शहर वसविले. आज नागपूरच्या रस्त्यांतून हिंडणाऱ्या कित्येकांना आपण एका गोंड राजाने वसविलेल्या नगरात हिंडत आहोत, याची जाणीवही नसते.

गोंडांच्या नावाला याहूनही मोठा मान मिळाला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे भूभाग एकमेकांस जोडलेले होते, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. त्या अखंड भूखंडाला त्यांनी 'गोंडवनभूमी' असे नाव दिले. कारण त्या काळचे विशिष्ट खडक व वनस्पतींचे अवशेष त्यांना गोंडांच्या देशात सापडले होते. जगातील प्रत्येक भूगोलाच्या ग्रंथात हे नाव आढळते. ज्यांचे नाव साऱ्या जगाने घेतले, त्यांची भाषा मात्र शेजारच्या गावालाही अपरिचित राहिली.

या भाषेकडे आस्थेने पाहणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांना खडकांची आवड होती, तशीच माणसांचीही. गावोगाव हिंडत असता त्यांनी गोंडी शब्द टिपून घेतले आणि परधान गायकांच्या मुखातून गोंडांची परंपरागत गाथा उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे भाट. यजमानांच्या घरी जाऊन, वाद्याच्या साथीवर, त्यांच्या पूर्वजांच्या कथा गाणे हे त्यांचे काम. जी गाथा पिढ्यान्‌पिढ्या केवळ कंठात राहिली होती, ती अशा रीतीने कागदावर आली. परंतु १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात बोरी गावाजवळच्या ओढ्याला पूर आला असता तो ओलांडताना हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांचे लेखन अपुरेच राहिले होते. पुढे सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे एकत्र केली व १८६६ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. ती टिपणे कोणी जपली नसती, तर त्या गायकांचे शब्द त्यांच्याबरोबरच लोपले असते.

गोंडी ही मराठीची किंवा हिंदीची बोली आहे, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या भाषा आर्यभाषाकुळातील आहेत. गोंडी ही द्राविडी कुळातील आहे. म्हणजे तिची नाती तेलुगू, कन्नड, तमिळ या भाषांशी आहेत. हे नाते ओळखण्यासाठी पंडित असण्याची आवश्यकता नाही. बाजारातील त्या आजीचे अंक पुन्हा ऐकावे. ती दोनला 'रंड' म्हणते. तेलुगूत दोनला 'रेंडु' म्हणतात. तिचे 'मुंड' ते तेलुगूत 'मूडु', आणि तिचे 'नालुंग' ते तेलुगूत 'नालुगु'. तिच्या 'उंडी'चे भावंड शोधण्यास कर्नाटकात जावे. तेथे एकला 'ओंदु' असे म्हणतात. गोंडीत डोळा म्हणजे 'कन', हात म्हणजे 'कै', पाय म्हणजे 'काल', झाड म्हणजे 'मरा' आणि कुत्रा म्हणजे 'नै'. तमिळ भाषेत हेच शब्द अनुक्रमे 'कण्', 'कै', 'काल', 'मरम' आणि 'नाय' असे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी गोंड आजी आणि शेकडो कोस दूर कावेरीच्या काठी राहणारी तमिळ आजी यांनी एकमेकींना कधी पाहिलेले नाही. तरीही आपला हात पुढे करून दोघीही त्याला 'कै'च म्हणतील! एका घरातील भावंडे दूरदेशी पांगली, तरी त्यांच्या चेहऱ्यांची ठेवण जशी सारखी राहते, तसेच हे आहे.

आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. गोंडीत माशाला 'मीन' म्हणतात आणि तमिळ भाषेतही 'मीन'च म्हणतात. पण मराठी माणसालाही हा शब्द परका नाही. बारा राशींतील शेवटची रास मीनच होय. मराठीत तो संस्कृतातून आला आणि संस्कृताने तो प्राचीन काळी द्राविडी भाषांपासून घेतला असावा, असे बहुतेक भाषापंडितांचे मत आहे. भाषा परस्परांच्या शेजारी राहिल्या, की त्यांच्यात अशी देवघेव चालतेच. जी भाषा आपणास सर्वस्वी परकी वाटते, तिचा एखादा शब्द आपल्याच घरात कित्येक शतके नांदत असतो.

गोंडीचे व्याकरणही तिचे स्वतःचे आहे. मराठीत 'हात' या शब्दाचे अनेकवचनी रूप 'हात' असेच राहते. गोंडीत एक हात तो 'कै', आणि अनेक हात ते 'कैक'. एक डोळा तो 'कन', आणि दोन्ही डोळे ते 'कंक'. शब्दाच्या अंती 'क' आला, की वस्तू एकाहून अधिक आहेत हे ऐकणाऱ्यास कळते. काही शब्दांना 'क'ऐवजी 'ंग' असा प्रत्यय लागतो. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत दोनच, पुरुषांचे एक, आणि स्त्रिया, पशुपक्षी व निर्जीव वस्तू या सर्वांचे मिळून दुसरे. त्यामुळे 'ती खुर्ची', 'तो पाट' आणि 'ते टेबल' असा घोळ गोंडी बोलणाऱ्या बालकाला माहीतच नसतो. मराठी शिकताना ते लिंगात चुकले, तर त्यास मंदबुद्धी समजणे हा त्याच्यावर अन्याय होय. ते एका नियमबद्ध भाषेतून दुसऱ्या नियमबद्ध भाषेत येत असते, आणि ही वाट सोपी नसते.

भंडारा जिल्ह्यातील अनेक गोंड कुटुंबांत आज गोंडी बोलली जात नाही; पण त्यांच्या आडनावांत ती टिकून राहिली आहे. 'टेका' म्हणजे सागाचे झाड. त्यावरून 'टेकाम' हे आडनाव झाले. 'मरका' म्हणजे आंबा; त्यावरून 'मरकाम' झाले. गोंड समाजातील कुळे अशी झाडांशी किंवा प्राण्यांशी निगडित असतात, आणि आपल्या कुळाच्या झाडाला इजा न करण्याची त्यांची रीत आहे. सागाला इंग्रजीत 'टीक' म्हणतात. हा इंग्रजी शब्दही दक्षिणेकडील मलयाळम भाषेतील 'तेक्कु' या शब्दावरून आलेला आहे. तेव्हा शाळेच्या हजेरीपटावर 'टेकाम' हे नाव पुकारले जाते, तेव्हा एक प्राचीन द्राविडी शब्द वर्गात उभा राहून 'हजर' म्हणत असतो.

गोंडांच्या परंपरेतील एक कथा सर्वांनी ऐकावी अशी आहे. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेला आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडणारा सालेकसा तालुका दाट रानाचा आहे. तेथे कचारगडची विशाल गुहा आहे. कथा अशी सांगतात, की काली कंकाली मातेची तेहतीस मुले फार अवखळ होती. त्यांना शिक्षा म्हणून या गुहेत कोंडण्यात आले आणि गुहेच्या तोंडावर भली मोठी शिळा लावण्यात आली. ती हलविणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. तेव्हा पहांदी पारी कुपार लिंगो व जंगो रायताड या दोघांनी त्या मुलांच्या सुटकेचा संकल्प केला. हिरासुका पाटालीर हा थोर वादक गुहेबाहेर बसून वाद्य वाजवू लागला. त्याच्या सुरांनी आत कोंडलेल्या मुलांच्या अंगी बळ आले. सर्वांनी एकदम जोर करून शिळा ढकलली. शिळा गडगडत खाली आली, मुले मोकळी झाली. परंतु तो वादक मात्र त्या शिळेखाली सापडून मरण पावला. पुढे लिंगोने त्या मुलांना ज्ञान दिले, कुळांची व्यवस्था लावून दिली आणि नीतीचे नियम शिकविले. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला मोठी यात्रा भरते. निरनिराळ्या राज्यांतील गोंड बांधव तेथे येतात आणि 'जोहार' करून परस्परांना भेटतात.

पण यात्रेत जमलेल्या या बांधवांपैकी पुष्कळांना एकमेकांशी गोंडीत बोलता येत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा आहे असे सांगणाऱ्यांची संख्या सुमारे तीस लाख भरली. गोंड जमातीची लोकसंख्या मात्र एक कोटीहून अधिक होती. म्हणजे दर चार गोंडांमागे साधारणपणे एकाच्याच मुखी गोंडी उरली आहे. असे का झाले?

याचे पहिले कारण असे, की गोंडीची सत्तास्थाने गेली. देवगडचे राज्य लयास जाऊन अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला व १८५३ नंतर इंग्रजांकडे गेला. कचेरी, बाजार व सावकाराची वही या सर्व ठिकाणी मराठी, हिंदी वा इंग्रजी आली. ज्या भाषेत सातबारा मिळत नाही आणि दावा चालत नाही, ती भाषा हळूहळू घरापुरतीच उरते. दुसरे कारण असे, की १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा गोंडांचा प्रदेश अनेक राज्यांत विभागला गेला. गोंडी मूल महाराष्ट्रात देवनागरी शिकते, तेलंगणात तेलुगू लिपी शिकते आणि ओडिशात ओडिया लिपी शिकते. बोलताना ज्यांचे शब्द जुळतात, त्यांचीही पत्रे परस्परांस वाचता येत नाहीत. तिसरे कारण सर्वांत दुःखद आहे. गोंडी बोलले की लोक हसतात, या अनुभवाने कित्येक आईबापांनी आपल्या मुलांशी गोंडीत बोलणे थांबविले. मुलांचे भले व्हावे हाच त्यांचा हेतू होता. त्यांना दोष कसा देता येईल? दोष हसणाऱ्यांचा आहे.

असा प्रसंग केवळ गोंडीवरच आलेला आहे असे नाही. महाराष्ट्रातच बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा बोलली जाते. ती बोलणारे लोक जेमतेम दोन-अडीच हजार आहेत, आणि तिचे नाते जगातील कोणत्याही भाषेशी निश्चितपणे जुळलेले नाही. चीन देशाच्या युनान प्रांतात, ब्रह्मदेशाच्या सीमेवर, देरुंग नावाचे लोक एका खोल नदीखोऱ्यात राहतात. २०१० च्या गणनेत त्यांची संख्या सात हजारही भरली नाही. त्यांचे खोरे वर्षाचे सुमारे सहा महिने बर्फाने बाहेरच्या जगापासून तुटत असे. २०१४ मध्ये डोंगर पोखरून बोगदा केल्यावर ते बारमाही खुले झाले. रस्त्याबरोबर औषध आले, शाळा आली, व्यापार आला. आणि त्यांच्यामागून मोठी भाषाही आली. रस्ता नको असे कोण म्हणेल? परंतु रस्त्याने जाताना आपली भाषा घरी विसरली जाते, हा अनुभव देरुंग लोकांना आणि गोंडांना सारखाच येतो. बोलणारे सात हजार असोत की तीस लाख असोत, लहान मुले ज्या दिवशी ती बोलणे सोडून देतात, त्या दिवसापासून भाषेचे आयुष्य मोजके उरते.

तथापि गोंडी स्वस्थ बसलेली नाही. भंडारा जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाला नावाचे गाव आहे. तेथे दुसऱ्याच एका गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते आढळली. १७५० च्या सुमारापर्यंत त्यांचा काळ मागे जातो. या दोन्ही लिप्यांना २०१७ व २०१८ मध्ये संगणकाच्या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यात जन्मलेले डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी नोकरी सांभाळून गोंडी भाषा, व्याकरण व संस्कृती यांवर अनेक ग्रंथ लिहिले आणि शब्दकोश रचले. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी जाणकारांनी एकत्र बसून सिद्ध केलेला सामाईक शब्दकोश २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, अशी तरतूद भारताच्या संविधानात अनुच्छेद ३५०-क अन्वये १९५६ पासून आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २००३ मध्ये संथाली व बोडो यांचा समावेश होऊन भाषांची संख्या बावीस झाली. गोंडी मात्र त्या यादीबाहेर राहिली. तिला तेथे स्थान मिळावे, अशी मागणी होत आली आहे.

मराठी शिकणे आणि गोंडी जपणे यांत विरोध नाही. ज्याला दोन भाषा येतात, त्याच्या घराला दोन दारे असतात. एक दार उघडण्यासाठी दुसरे चिणून टाकावे, असे कोणी सांगितले आहे? मुलाने शाळेत 'पाणी' हा शब्द शिकावा. पण आजीने तांब्या पुढे करून 'येर' म्हटले, तर तोही त्याला आपला वाटावा.

कचारगडच्या कथेतील शिळा एकट्याने हलली नव्हती. बाहेर एकजण वाजवीत होता आणि आतून तेहतीस मुलांनी जोर लावला होता. गोंडीवर पडलेली शिळाही तशीच हलेल. कोशकार, लिपिकार आणि शिक्षक बाहेरून साद घालीत आहेत. आतून जोर मात्र मुलांनीच लावावयाचा आहे. आणि ज्यांची मातृभाषा गोंडी नाही, त्यांच्या वाट्यालाही एक काम आहेच. ते अगदी साधे आहे : वर्गातील सोबत्याने आपल्या भाषेतील शब्द उच्चारला, तर हसू नये, त्याचा अर्थ विचारावा.

बाजार उलगत येतो. उरलेली सुपे एकात एक घालून आजी ती पुन्हा मोजू लागते. "उंडी, रंड, मुंड..." येथवर येऊन ती दम खाण्यास थांबते. त्या क्षणी नातवाच्या तोंडून पुढचा शब्द निघाला, 'नालुंग' असा, तर त्या दिवशी बाजारात कोणालाही न दिसलेली एक मोठी कमाई त्या घरात झाली असे समजावे.

अभ्यास

१. आजी व नातू यांची बेरीज सारखीच येते. मग त्यांच्यामध्ये अंतर कोणते पडले आहे?

२. गोंडी ही मराठीची बोली नव्हे, हे दाखविण्यासाठी पाठात कोणती उदाहरणे दिली आहेत?

३. 'एक प्राचीन द्राविडी शब्द वर्गात उभा राहून हजर म्हणत असतो' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या कमी होण्याची तीन कारणे तुमच्या शब्दांत लिहा. त्यांपैकी कोणते कारण सर्वांत दुःखद म्हटले आहे व का?

५. कचारगडची कथा आठ-दहा वाक्यांत सांगा. पाठाच्या शेवटी त्या कथेचा उपयोग कशासाठी केला आहे?

६. पुढील शब्दांचा व शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : लयास जाणे, संकल्प करणे, स्वस्थ बसणे, साद घालणे, देवघेव, परंपरागत.

७. 'हात', 'डोळा', 'झाड', 'मासा', 'कुत्रा' या शब्दांची अनेकवचनी रूपे लिहा. मराठीत अनेकवचन किती प्रकारांनी होते ते पाहा व गोंडीच्या रीतीशी तुलना करा.

८. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, आता फारसे न वापरले जाणारे दहा शब्द मिळवा. त्यांचे अर्थ लिहा आणि ते वर्गात वाचून दाखवा.